ऐंशी दिवसांच्या संपाचा पैसा कुठून आला?

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

या वेळचा विषय ब्रिटिश गयाना, म्हणजे आजचा गयाना देश. १९५३ ते १९६८ या काळात तिथल्या राजकारणात परकीय गुप्तचर यंत्रणांनी कसा हात घातला, यावर आलेल्या पत्रांतले सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न (कोल्हापूर): नकाशात गयाना दक्षिण अमेरिकेत दिसतो. मग त्याला कॅरिबियन देश का म्हणतात? तिथे आपली माणसे कधी गेली?

उत्तर: जमिनीने तो दक्षिण अमेरिकेला जोडलेला आहे, पण ऊस, इंग्रजी आणि क्रिकेट या तिन्ही बाजूंनी कॅरिबियन आहे. कॅरिबियन देशांच्या 'कॅरिकॉम' या संघटनेचे मुख्यालयही गयानाच्या राजधानीत, जॉर्जटाउनलाच आहे. गुलामगिरी संपल्यावर उसाच्या मळ्यांना मजूर हवे होते. 'व्हिटबी' आणि 'हेस्परस' ही पहिली दोन जहाजे ५ मे १८३८ रोजी तिथे लागली, आणि १९१७ पर्यंत सुमारे २ लाख ३९ हजार भारतीय गिरमिटिये (करारावर गेलेले मजूर) गयानात उतरले. त्यातले बहुतेक भोजपुरी मुलखातले, कोलकात्याहून गेलेले, आणि काही मद्रासकडचे. रत्नागिरी, साताऱ्याकडचे मराठी गिरमिटिये मुंबईहून गेले ते मॉरिशसला, त्यामुळे गयानात मराठी वस्ती शोधायला गेलात तर ती सापडणार नाही. मराठी घराशी जुळणारा धागा क्रिकेटचा आहे. सुनील गावसकरांनी पहिले कसोटी शतक १९७१ मध्ये जॉर्जटाउनला काढले आणि मुलाचे नाव 'रोहन' ठेवले ते वेस्ट इंडिजचे फलंदाज रोहन कन्हाय यांच्यावरून. कन्हाय ज्या पोर्ट मोरंट गावचे, त्याच गावात २२ मार्च १९१८ रोजी उसाच्या मळ्यावरच्या कुटुंबात छेदी जगन जन्मले. आजची बहुतेक उत्तरे त्यांच्याभोवतीच फिरतात.

पुढचे समजायला एक गोष्ट ध्यानात ठेवा. भारतीय वंशाचे लोक मुख्यतः ऊस आणि भातशेतीत होते, खेड्यांत राहत. आफ्रिकी वंशाचे लोक शहरांत, बंदरावर, पोलिसांत, सरकारी कचेऱ्यांत आणि बॉक्साइटच्या खाणींत होते.

प्रश्न (नाशिक): १९५३ मध्ये जगन यांचे निवडून आलेले सरकार सीआयएने पाडले, असे एका व्याख्यानात ऐकले. ते बरोबर आहे का?

उत्तर: नाही. १९५३ चे काम ब्रिटनने केले, आणि तेही उघडपणे. एप्रिल १९५३ मध्ये प्रौढ मतदानाने पहिली निवडणूक झाली. जगन आणि वकील फोर्ब्स बर्नहॅम यांनी मिळून १९५० मध्ये काढलेल्या पीपल्स प्रोग्रेसिव्ह पार्टीला (पुढे आपण पीपीपी म्हणू) २४ पैकी १८ जागा मिळाल्या. सरकार १३३ दिवस टिकले. ९ ऑक्टोबर १९५३ रोजी चर्चिल सरकारने राज्यघटना निलंबित केली, युद्धनौका आणि सैन्य पाठवले. कारण सांगितले साम्यवादी कटाचे.

गुप्तचरांचा भाग होता, पण तो पाळतीचा. एमआय५ या ब्रिटिश गुप्तचर संस्थेच्या जगन दांपत्यावरच्या फायली २०११ मध्ये खुल्या झाल्या. फोन ऐकणे, पत्रे फोडून वाचणे, भेटीगाठींची नोंद ठेवणे असे सगळे त्यात आहे. सीआयएचा कारभार सुरू होतो तो पुढे, १९६२ पासून. ही दोन प्रकरणे एकत्र करून सांगणे ही या विषयातली सर्वांत जास्त दिसणारी चूक आहे, आणि तिच्यामुळे खऱ्या पुराव्यावरचाही लोकांचा विश्वास उडतो.

प्रश्न (पुणे): सहा लाखांच्या आतबाहेर वस्तीच्या वसाहतीची अमेरिकेला एवढी धास्ती का वाटावी? जगन खरोखर साम्यवादी होते का?

उत्तर: जगन स्वतःला मार्क्सवादी म्हणवत, ते त्यांनी लपवले नाही. शिकले मात्र अमेरिकेत. दंतवैद्यकाची पदवी शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाची, आणि पत्नी जॅनेट शिकागोच्याच. एवढे खरे, पण त्यांच्या हाती आलेले गयाना सोव्हिएत तळ झाला असता, हे त्यातून आपोआप निघत नाही. १९५७ आणि १९६१ अशा दोन निवडणुका त्यांनी ब्रिटिश गव्हर्नरच्या देखरेखीखाली जिंकल्या होत्या, आणि सैन्य आणि परराष्ट्र व्यवहार ब्रिटनच्याच हाती होते.

धास्तीचे कारण क्युबा. एप्रिल १९६१ मध्ये कॅस्ट्रोंना हटवण्यासाठी अमेरिकेने आखलेली पिग्सच्या उपसागरातली मोहीम फसली आणि ऑगस्टमध्ये जगन पुन्हा निवडून आले. २५ ऑक्टोबर १९६१ रोजी ते केनेडींना व्हाइट हाउसमध्ये भेटले. मदत मागायला गेले होते. त्याआधी अमेरिकन टेलिव्हिजनवर त्यांना सोव्हिएत रशियाबद्दल थेट विचारले गेले, आणि त्यांनी निंदा करायचे टाळले. त्या काही मिनिटांनी त्यांचे फार नुकसान केले. फेब्रुवारी १९६२ मध्ये जॉर्जटाउनला सक्तीच्या बचतीच्या अर्थसंकल्पावरून दंगल पेटली, वॉटर स्ट्रीटचा बाजार जळाला. त्याच आठवड्यात, १९ फेब्रुवारीला, परराष्ट्रमंत्री डीन रस्क यांनी ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री लॉर्ड होम यांना लिहिले की जगन यांच्या हाताखालचे स्वतंत्र ब्रिटिश गयाना आम्ही सहन करू शकत नाही. पत्र वाचून पंतप्रधान मॅकमिलनही चकित झाले होते. वसाहतवादाला विरोध करणारी अमेरिका ब्रिटनला सांगत होती की या एका वसाहतीला एवढ्यात सोडू नका!

ब्रिटन हळूहळू वळले. वसाहतीचा खर्च नको होता, लवकर बाहेर पडायचे होते, आणि अमेरिकेशी बिघडवणे त्याहून महाग होते. ३० जून १९६३ रोजी ससेक्समधल्या मॅकमिलन यांच्या घरी केनेडींनी स्वतः हा विषय काढला. पुढच्या वर्षी त्यांची अध्यक्षीय निवडणूक होती, आणि दारात दुसरा क्युबा उभा राहिलेला त्यांना परवडणार नव्हता.

प्रश्न (इचलकरंजी): मी कामगार चळवळीत काम करतो. संप पंधरा दिवसांच्या पुढे गेला की घरातले डबे रिकामे व्हायला लागतात. १९६३ चा गयानातला संप ८० दिवस चालला असे वाचले. तो कसा टिकला? सीआयएचा पैसा संपात नेमका कसा शिरतो, ते टप्प्याटप्प्याने सांगावे.

उत्तर: अगदी मुळावर बोट ठेवणारा प्रश्न. लांबलेला संप टिकतो तो कशावर तरी टेकून. १९८२ च्या गिरणी संपात मुंबईचा कामगार कोकणात, साताऱ्याकडे गावी गेला आणि शेताने त्याला काही काळ पोसले. जॉर्जटाउनच्या गोदी कामगाराला, कारकुनाला असे गाव नव्हते. त्याला पोसले संपनिधीने.

आधी संपाचे कारण. जगन सरकारने लेबर रिलेशन्स बिल आणले. कारखान्यात कोणती संघटना मान्यताप्राप्त, हे कामगारांच्या गुप्त मतदानाने ठरावे, हा त्याचा गाभा. अमेरिकेतच १९३५ मध्ये याच धर्तीचा कायदा झाला होता. पण गयानाच्या ऊस उद्योगात मालकांनी मान्य केलेली जुनी संघटना होती एमपीसीए, आणि मतदान झाले असते तर पीपीपीच्या बाजूची संघटना तिथे आली असती. एमपीसीएचे रिचर्ड इश्माएल हेच ट्रेड युनियन कौन्सिलचे, म्हणजे गयानातल्या कामगार संघटनांच्या महासंघाचे, अध्यक्ष. सरकार संघटना गिळायला निघाले आहे, असे म्हणत कौन्सिलने एप्रिल १९६३ मध्ये सार्वत्रिक संप पुकारला. ही भीती साफ खोटी नव्हती. विधेयकाच्या अंमलबजावणीत मंत्र्याच्या हाती बराच अधिकार राहत होता आणि शहरी कामगाराचा या सरकारवर विश्वास नव्हता.

आता पैशाची वाट. वॉशिंग्टनमधून निघालेली रक्कम सीआयए थेट जॉर्जटाउनला पाठवत नाही. ती आधी एका 'फाउंडेशन'ला देणगी म्हणून जाते. इथे त्याचे नाव होते गॉथम फाउंडेशन. फाउंडेशन ती अमेरिकेतल्या सरकारी व नगरपालिका कर्मचाऱ्यांच्या एएफएससीएमई या मोठ्या संघटनेच्या आंतरराष्ट्रीय विभागाला देते. ही संघटना सार्वजनिक सेवा कर्मचाऱ्यांच्या जागतिक महासंघाची, पब्लिक सर्व्हिसेस इंटरनॅशनलची सभासद. महासंघाचा प्रतिनिधी म्हणून हॉवर्ड मॅककेब जॉर्जटाउनला जातो. कामगारांनी कामगारांना केलेली मदत, एवढेच दर टप्प्यावर कागदावर उमटते. पैसा घेणाऱ्या स्थानिक पुढाऱ्याला तो कुठून निघाला हे माहीत असायलाच हवे असे नाही. ही साखळी त्याचसाठी असते, मधला कोणीही शपथेवर 'मला माहीत नव्हते' म्हणू शकतो.

त्या पैशाचे काय होते? सगळ्यात मोठा वाटा संपकऱ्यांच्या धान्याचा आणि भत्त्याचा. त्याखालोखाल प्रचार. अमेरिकन वृत्तपत्र कामगार संघटनेकडून आलेले जीन मीकिन्स संपाचे रेडिओ कार्यक्रम आणि पत्रक सांभाळत होते. तिसरा भाग माणसांचा. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या एआयएफएलडी या अमेरिकन संस्थेत लॅटिन अमेरिका आणि कॅरिबियनमधल्या कार्यकर्त्यांना संघटना चालवायचे शिक्षण मिळे. तिथून शिकून आलेले गयानाचे सहा कार्यकर्ते पगारावर ठेवून संप समितीच्या हाताशी दिले गेले. घराचा खर्च भागलेला पूर्णवेळ माणूस संपात काय करू शकतो, हे तुम्हाला सांगायला नको.

आणखी एक टेकू मालकांचा होता. जॉर्जटाउनमधल्या व्यापाऱ्यांनी दुकाने, गोदामे बंद ठेवून संपाला हातभार लावला. मालक आणि संपकरी एकाच बाजूला उभे दिसले की अनुभवी कार्यकर्त्याच्या मनात पाल चुकचुकते, तशी ती इथे चुकचुकायला हवी होती.

सरकारची कोंडी अशी झाली. बंदर बंद म्हणून पेट्रोल आणि पीठ संपत आले. जगन यांनी क्युबाकडून तेल मागवले. त्याने गाड्या चालू राहिल्या, पण वॉशिंग्टनला हवा तो पुरावा आयता मिळाला. ज्या दबावातून तो निर्णय झाला तो दबावही त्यांचाच, आणि त्या निर्णयावर बोट ठेवणारेही तेच. शेवटी टीयूसी या ब्रिटिश कामगार महासंघाचे रॉबर्ट विलिस मध्यस्थीला आले, विधेयक मागे पडले, आणि जुलैमध्ये संप मिटला. सरकार वाचले, पण आपल्या कारकीर्दीत देश चालत नाही असा शिक्का बसला, आणि लंडनमध्ये त्याचाच उपयोग झाला.

उलगडा १९६७ मध्ये झाला. सीआयए फाउंडेशनांमार्फत विद्यार्थी आणि कामगार संघटनांना पैसा पुरवते, हे अमेरिकन वृत्तपत्रांनी बाहेर काढले. तेव्हा एएफएससीएमईचे माजी अध्यक्ष आर्नल्ड झँडर यांनी १९५८ ते १९६४ पर्यंत असा पैसा घेतल्याचे मान्य केले. १९६४ मध्ये त्यांना हरवून आलेल्या जेरी वर्फ यांनी तो आधीच बंद केला होता.

प्रश्न (नागपूर): मग भारतीय आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांत फूट सीआयएने पाडली, असे म्हणायचे का?

उत्तर: तसे म्हणणे गयानाच्या लोकांवर अन्याय करणारे ठरेल. जगन आणि बर्नहॅम १९५५ मध्ये वेगळे झाले, म्हणजे सीआयएच्या कामाआधी सात वर्षे. 'अपान जात' हा शब्द त्याच सुमारास निवडणुकांत कानावर पडू लागला. मराठी माणसाला त्याचा अर्थ सांगावा लागत नाही, 'आपल्या जातीला मत द्या'. शब्द आपल्याकडून गेलेला, वापर तिथल्या राजकारण्यांनी केलेला.

परक्यांनी केले ते असे की असलेल्या भेगेत पाचर ठोकली. जगन यांच्या विरोधकांचा आधार शहरी आफ्रिकी वंशाचे कामगार आणि सरकारी नोकर. संपाला पैसा पुरवणे म्हणजे एका समाजाला दुसऱ्या समाजाच्या सरकारविरुद्ध तीन महिने रस्त्यावर उभे ठेवणे. फेब्रुवारी १९६४ मध्ये उलट ऊस कामगारांचा संप सुरू झाला, तो भारतीय वंशाच्या कामगारांचा आणि पीपीपीच्या पाठिंब्याचा. जाळपोळ, बॉम्ब, खून दोन्ही बाजूंनी झाले. मे महिन्यात डेमेरारा नदीकाठच्या विस्मर गावातून भारतीय वंशाच्या सुमारे ३,००० लोकांना घरे जळताना पाहत, होडीत बसून पळावे लागले. जुलैत त्याच नदीवर 'सन चॅपमन' या लाँचमध्ये स्फोट झाला आणि सुमारे ४० माणसे गेली, बहुतेक आफ्रिकी वंशाची. त्या वर्षात दीडशेहून अधिक माणसे मेली. विस्मरचा हल्ला सीआयएने घडवला असे सांगणारी पत्रके फिरतात. खुल्या झालेल्या कागदांत त्याला आधार नाही, म्हणून ते विधान आम्ही करत नाही. पण भेग रुंदावायला पैसा पुरवणारे विस्मरची जबाबदारी पूर्ण झटकू शकत नाहीत, हे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रश्न (लातूर): सर्वाधिक मते मिळूनही १९६४ मध्ये जगन यांची सत्ता गेली. हे गणित कसे बसवले?

उत्तर: कागद-पेन्सिल घेऊन बसा, पाच मिनिटांचे काम आहे. १९६१ मध्ये आपल्यासारखेच मतदारसंघ होते, एकूण ३५. पीपीपीला ४२.६ टक्के मते आणि २० जागा. बर्नहॅम यांच्या पीपल्स नॅशनल काँग्रेसला (पीएनसी) ४१ टक्के मते, पण ११ जागा. पीटर डी'अग्विआर यांच्या युनायटेड फोर्सला १६.४ टक्के आणि ४ जागा. आता हीच मते प्रमाणशीर पद्धतीने, म्हणजे जितके टक्के मते तितके टक्के जागा अशी, ३५ जागांवर वाटा: पीपीपी १५, पीएनसी १४, युनायटेड फोर्स ६. विरोधक एकत्र आले तर २०. सरकार उलटले, आणि एकाही मतदाराने मत बदललेले नाही.

हा हिशेब लंडन आणि वॉशिंग्टनमध्ये आधीच झाला होता. ऑक्टोबर १९६३ मध्ये तिन्ही पक्षांत एकमत होईना, तेव्हा तिघांनी वसाहतमंत्री डंकन सँडीस यांना 'तुम्हीच ठरवा' असे सहीनिशी लिहून दिले. जगन यांच्या राजकीय आयुष्यातली ही सर्वांत महाग सही. ३१ ऑक्टोबरला सँडीस यांनी प्रमाणशीर पद्धत लादली आणि स्वातंत्र्यापूर्वी पुन्हा निवडणूक घ्यायची असे जाहीर केले.

७ डिसेंबर १९६४ ला ५३ जागांसाठी मतदान झाले. पीपीपी ४५.८ टक्के आणि २४ जागा, पीएनसी ४०.५ टक्के आणि २२, युनायटेड फोर्स १२.४ टक्के आणि ७. बावीस अधिक सात एकोणतीस. जगन राजीनामा देईनात, म्हणून लंडनने राज्यघटनेत तेवढ्यापुरती दुरुस्ती करून त्यांना हटवले, आणि १४ डिसेंबरला बर्नहॅम यांचा शपथविधी झाला.

एक मान्य केले पाहिजे. प्रमाणशीर पद्धत मुळात वाईट नाही. १९६१ मध्ये ४२.६ टक्क्यांत ५७ टक्के जागा मिळाल्या होत्या, हीही विकृतीच होती (पीपीपीने सर्व जागा लढवल्या नव्हत्या हे धरूनही). आक्षेप पद्धतीवर नाही. निकाल आधी ठरवून त्याला बसणारी पद्धत निवडली, यावर आहे.

प्रश्न (ठाणे): बर्नहॅम यांना आणल्यावर अमेरिकेला हवे ते मिळाले का?

उत्तर: चार वर्षे मिळाले. २६ मे १९६६ ला गयाना स्वतंत्र झाला. १९६८ च्या निवडणुकीत बर्नहॅम यांना युनायटेड फोर्सचा टेकू नकोसा झाला आणि परदेशस्थ गयानीजना मताधिकार देण्यात आला. त्या सुमारे ३६ हजार मतांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक पीएनसीला पडली. ब्रिटिश टेलिव्हिजनच्या पत्रकारांनी याद्या घेऊन पत्ते तपासले, तर नावे खोटी, घरे गायब. मँचेस्टरच्या एका पत्त्यावर घरच नव्हते, मोकळ्या जागेत घोडे चरत होते. अमेरिकेच्या अधिकृत दस्तऐवजमालेत यावर एक वाक्य आहे, ते नीट वाचण्यासारखे आहे: हा मार्ग धरू नका असा सल्ला बर्नहॅम यांना दिला, पण त्यांना थांबवण्याचा प्रयत्न केला नाही.

पुढे बर्नहॅम यांनी १९७१ मध्ये बॉक्साइट, १९७६ मध्ये बुकर कंपनीचे साखर कारखाने सरकारी केले, १९७२ मध्ये क्युबाशी राजनैतिक संबंध जोडले. म्हणजे ज्याची भीती दाखवून जगन यांना हटवले, त्यातले बरेचसे बर्नहॅम यांनीच केले, आणि वर निवडणुका बोगस. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला गव्हाच्या पिठाच्या आयातीवर बंदी आली. ज्या घरात रोज रोटी शेकली जाते तिथे पीठ चोरून आणायची वेळ आली. १३ जून १९८० रोजी इतिहासकार आणि विरोधी नेते वॉल्टर रॉडनी वॉकी-टॉकीत दडवलेल्या बॉम्बने मारले गेले. बर्नहॅम १९८५ मध्ये वारले, आणि मोकळी निवडणूक व्हायला ५ ऑक्टोबर १९९२ उजाडावे लागले.

प्रश्न (औरंगाबाद, एम.ए.ची विद्यार्थिनी): मला यावर प्रबंध लिहायचा आहे. खुली झालेली गुप्त कागदपत्रे वाचताना कुठे फसायला होते?

उत्तर: सुरुवात अमेरिकन परराष्ट्र खात्याच्या 'फॉरिन रिलेशन्स ऑफ द युनायटेड स्टेट्स' या मालेपासून करा, ती संगणकावर मोफत वाचता येते. १९६१ ते ६३ साठी बारावा खंड, १९६४ ते ६८ साठी बत्तिसावा.

प्रत्येक कागद हाती घेतला की पहिल्यांदा मजकूर वाचू नका. कोणी, कोणाला, कोणत्या तारखेला, एवढे वहीत उतरवा. मग त्या कागदाची पायरी ठरवा. एखाद्या सल्लागाराचे टिपण म्हणजे मत. विभागाने वर पाठवलेली योजना म्हणजे प्रस्ताव. गुप्त कारवायांना हिरवा कंदील देणाऱ्या समितीची, म्हणजे आधी 'स्पेशल ग्रुप' आणि १९६४ पासून '३०३ कमिटी' हिची नोंद म्हणजे मंजुरी. आणि खर्चाची नोंद ही चौथी पायरी. बहुतेक प्रबंध पहिल्या पायरीवरचा कागद चौथ्या पायरीवर ठेवतात आणि तिथेच कोसळतात. केनेडींचे सल्लागार आर्थर श्लेसिंजर यांच्या टिपणात बर्नहॅम बरे असे म्हटले आहे, म्हणून त्या दिवशी पैसा निघाला असे होत नाही.

दुसरी अडचण गाळलेल्या मजकुराची. चौकटी कंसात 'अमुक ओळी गोपनीय' असे लिहिलेले असते. किती ओळी गाळल्या ते मोजा. अर्धी ओळ गाळली असेल तर तिथे बहुधा नाव किंवा रक्कम असते. दहा ओळी असतील तर कार्यपद्धती. एका कागदात गाळलेले दुसऱ्यात राहून गेलेले असते, म्हणून तारखेप्रमाणे लावून वाचा, विषयाप्रमाणे नाही.

रकमेचे जपून. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बत्तिसाव्या खंडात संपादकीय टिपेत स्पष्ट आकडा आहे: १९६२ ते १९६८ या काळात गुप्त कारवायांवर सुमारे २०.८ लाख डॉलर. जून १९६६ पूर्वीच्या ४.७६ रुपयांच्या दराने ते साधारण एक कोटी रुपये होतात. हा सात वर्षांचा आकडा आहे. कितीतरी लेखांत तो १९६३ च्या एका संपाचा खर्च म्हणून छापलेला दिसतो. त्यात जगनविरोधी पक्षांना दिलेली मदतही आली. भारतीय वंशाच्या मतदारांसाठी पीपीपीला पर्याय उभा राहावा, असा विचारही या कागदांत आढळतो. १९६४ ला रिंगणात उतरलेल्या जस्टिस पार्टीला मात्र एकही जागा मिळाली नाही.

तिसरे, एकाच राजधानीच्या कागदांवर विसंबू नका. वॉशिंग्टनच्या नोंदीसमोर लंडनच्या क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारातली वसाहत खात्याची फाइल ठेवा. अमेरिकन कागदांत जे गाळले आहे ते ब्रिटिश अधिकाऱ्याने आपल्या वरिष्ठाला सरळ लिहिलेले सापडते. आणि नामांतर सांभाळा, मे १९६६ पर्यंत 'ब्रिटिश गयाना', पुढे 'गयाना'. शोध घेताना दोन्ही नावे टाका, नाहीतर निम्मे कागद हाती लागणार नाहीत.

प्रश्न (पणजी): इतर कॅरिबियन देशांतही असेच झाले का?

उत्तर: प्रत्येक ठिकाणी साधन वेगळे. डॉमिनिकन रिपब्लिकचा हुकूमशहा ट्रुहियो ३० मे १९६१ रोजी मारला गेला. अमेरिकन सिनेटच्या चर्च समितीने १९७५ मध्ये नोंदवले की त्याच्या विरोधकांना अमेरिकी अधिकाऱ्यांनी तीन पिस्तुले आणि तीन कार्बाइन दिल्या होत्या. हैतीत फ्राफ या निमलष्करी टोळीचा प्रमुख इमॅन्युएल काँस्टँट सीआयएकडून पैसे घेत होता, हे १९९४ मध्ये उघड झाले. पैसा, संघटना आणि निवडणूक कायदा अशी तिहेरी जोड मात्र गयानातच सर्वांत स्पष्ट दिसते.

प्रश्न (सांगली): अमेरिकेने कधी चूक कबूल केली का?

उत्तर: सरकारने नाही, एका माणसाने केली. १९९० मध्ये न्यूयॉर्कच्या एका कार्यक्रमात श्लेसिंजर यांनी जगन यांच्या समक्ष सांगितले की तीस वर्षांपूर्वीच्या आपल्या सहभागाचे वाईट वाटते, जगन यांच्यावर मोठा अन्याय झाला. दोन वर्षांनी, ९ ऑक्टोबर १९९२ रोजी, राज्यघटना निलंबित झाली त्याच तारखेला, ३९ वर्षांनी, जगन राष्ट्राध्यक्ष झाले. १९९४ मध्ये वॉशिंग्टनने राजदूत म्हणून एआयएफएलडीचे प्रमुख विल्यम डोहर्टी यांचे नाव पुढे केले. जगन यांनी आक्षेप घेतला आणि ते नाव मागे पडले. त्याच वर्षी या प्रकरणाच्या फायली खुल्या करू नयेत असा सीआयए आणि परराष्ट्र खात्याचा प्रयत्न चालू असल्याचेही छापून आले.

फेब्रुवारी १९९७ मध्ये जगन यांना हृदयविकाराचा झटका आला. त्यांना उपचारासाठी नेले ते वॉशिंग्टनच्या वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयात, आणि ६ मार्चला तिथेच ते गेले. अंत्यसंस्कार पोर्ट मोरंटजवळ बाबू जॉन येथे झाले. दर मार्चमध्ये तिथे अजून लोक जमतात.